कोऱ्या खात्यातली शिल्लक

प्रोग्राममधल्या चुका दोन जातींच्या असतात. एक बोलणाऱ्या. कंस राहिला, नाव चुकलं, संख्येच्या जागी अक्षर आलं की यंत्र तिथेच अडून बसतं आणि लाल अक्षरांत काहीतरी सांगतं. ते वाचायला नकोसं वाटतं, पण निदान चुकलंय एवढं कळतं. दुसऱ्या जातीच्या चुका गप्प असतात. प्रोग्राम चालतो, उत्तर देतो, ते उत्तर दिसायलाही ठीक असतं आणि तरी चूक असतं.

आज यातल्याच एका गप्प चुकीबद्दल लिहिते आहे. ती स्कीम नावाच्या भाषेतली आहे आणि त्या भाषेइतकीच जुनी आहे. माझ्यासमोर ती जकातीच्या हिशेबातून आली, म्हणून ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिलेली नाही त्यांनाही ती समजेल असं मला वाटतं.

आधी स्कीमविषयी थोडं. अमेरिकेतल्या एमआयटीत गाय स्टील आणि जेराल्ड ससमन या दोघांनी 1975 साली ती तयार केली. तिची आई म्हणजे लिस्प. जॉन मॅकार्थी यांनी 1958 पासून घडवलेली. 1985 साली हॅरल्ड एबलसन आणि ससमन यांनी ज्युली ससमन यांच्या साथीनं लिहिलेलं प्रोग्रामिंगचं पाठ्यपुस्तक आलं, आणि एमआयटीत पहिल्या वर्षाच्या कितीतरी तुकड्या याच भाषेतून प्रोग्रामिंग शिकल्या. भाषा अगदी लहान आहे. व्याकरण म्हणावं तर कंस, आणि कंसात पहिला शब्द कामाचा. जुन्या, हळू संगणकावरही चालते, पैसे पडत नाहीत. रविवारी मी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत मुलामुलींना शिकवते ते याच भाषेतून. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलांना चार-पाच इंग्रजी शब्दांत सुरुवात करता येते, हे एवढं एक कारणही मला पुरतं.

रमजानच्या आधीच्या एका रविवारी सराव म्हणून जकातीचा हिशेब दिला होता. ज्यांना जकात माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माणसाकडे एका ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर राहिली, तर तिच्यातला अडीच टक्के भाग गरजूंना देणं मुसलमानावर फर्ज आहे. त्या मर्यादेला निसाब म्हणतात. आपल्याकडे ती साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी अशी सांगतात, आणि तिची रुपयांतली रक्कम त्या दिवसाच्या भावावर ठरते. वर्गात आम्ही सोयीसाठी निसाब 1,00,000 रुपये धरला. कर्ज वजा करणं वगैरे बारकावे सोडून दिले. प्रत्येक व्यक्तीचं एक खातं उघडायचं, त्यात रोख, चांदी आणि दुकानातला माल अशा तीन बाबी भरायच्या, बेरीज निसाबाच्या वर गेली तर अडीच टक्के सांगायचे, नाहीतर शून्य.

वर्गातल्या एका मुलीनं सगळ्यांत आधी हात वर केला. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आता कॉमर्सला आहे. तिनं कोरं खातं असं लिहिलं होतं (यंत्रावर कामाचे शब्द रोमन लिपीत टाइप करावे लागतात, इथे मी ते देवनागरीत देते आहे):

(डिफाइन (कोरे-खाते)
  '((रोख . 0) (चांदी . 0) (माल . 0)))

आणि खात्यात रक्कम भरण्यासाठी हे:

(डिफाइन (भर! खाते बाब रक्कम)
  (लेट ((जोडी (ॲसक्यू बाब खाते)))
    (सेट-कुडर! जोडी (+ (कुडर जोडी) रक्कम))))

दुसऱ्या तुकड्याचा अर्थ साधा आहे. खात्यात त्या बाबीची जोडी शोध, आणि जोडीच्या उजव्या बाजूला जी रक्कम आहे तिच्यात नवी रक्कम मिळवून तिथेच परत लिही. शेवटी जे उद्गारचिन्ह आहे ती स्कीममधली जुनी रीत. या कामानं समोरची वस्तू जागच्या जागी बदलते, जपून वापरा, अशी ती सूचना.

पहिली व्यक्ती एक दुकानदार. रोख 80,000 आणि माल 1,20,000. बेरीज 2,00,000, जकात 5,000. बरोबर. दुसरी व्यक्ती शिवणकाम करणारी एक विधवा बाई. रोख 20,000, बाकी काही नाही. निसाबाच्या खूप खाली. उत्तर शून्य यायला हवं. प्रोग्रामनं उत्तर दिलं 5,500.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग हसला, पण मला तो हसण्यासारखा वाटला नाही. त्या बाईवर जकात फर्जच नाही. उलट तिची गरज पाहून तिलाच जकात देता येईल. आणि प्रोग्राम तिला सांगतो आहे की साडेपाच हजार काढून दे. सरावाची व्यक्ती खोटी, पण असा हिशेब खरोखरच कुणाच्या हाती पडला असता, तर घेणाऱ्याला देणारा ठरवून मोकळा झाला असता.

मुलीनं बेरीज हातानं करून पाहिली. मग प्रोग्राम बंद केला, पुन्हा सुरू केला आणि फक्त त्या बाईचा हिशेब केला. शून्य. अगदी बरोबर. पुन्हा दोघांचा एकत्र केला. पुन्हा 5,500. मग उलट क्रमानं केला, आधी बाई, मग दुकानदार. आता बाईचं शून्य बरोबर आलं आणि दुकानदाराची जकात 5,500 झाली. म्हणजे जो पहिला येईल त्याचा हिशेब बरोबर, त्याच्यामागून येणाऱ्याच्या डोक्यावर पहिल्याचे पैसे. ती म्हणाली, "आपा, माझा हिशेबच कच्चा आहे. मला हे जमणार नाही."

हे वाक्य मी या वर्गात इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याची चीड येते. मुलांची नाही, वाक्याची. कारण तिचा हिशेब पक्का होता. तिचा तर्कही पक्का होता. तिनं क्रम बदलून पाहिला, एकेक व्यक्ती वेगळी करून पाहिली. मोठ्या पगाराचे लोक याहून वेगळं काही करत नाहीत. तिला फक्त एक नियम कुणी सांगितला नव्हता. दुसरीकडून मिळालेल्या छापील टिपणांवरून ती आधी घरी शिकली होती. त्यांत एवढंच लिहिलं होतं की यादी बनवायचे दोन मार्ग आहेत, लिस्ट हा शब्द वापरा किंवा पुढे एक अवतरणचिन्ह लावा, दोन्ही एकच. ते दोन्ही एक नाहीत.

त्या कोऱ्या खात्याच्या कंसाआधीचं छोटं चिन्ह पाहा. त्याला क्वोट म्हणतात. क्वोटचा अर्थ असा की पुढे जे आहे त्याचं काही काम करू नकोस, ते जसं लिहिलं आहे तसंच दे. प्रोग्राम वाचला जातो तेव्हाच ती तीन जोड्यांची यादी मेमरीत एकदा बनते आणि प्रोग्रामचाच भाग होऊन बसते. पुढे कोरे-खाते कितीही वेळा बोलावलं तरी नवं काही बनत नाही. दरवेळी तीच एक यादी हातात येते. अशा जागच्या जागी लिहिलेल्या मजकुराला लिटरल किंवा स्थिर मजकूर म्हणतात.

मुलांना मी झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण दिलं. रेशन कार्डाच्या अर्जाची एक मूळ कोरी प्रत दुकानदार वरच्या फाइलमध्ये जपून ठेवतो. गिऱ्हाईक आलं की तिच्यावरून झेरॉक्स काढून देतो. गिऱ्हाईकानं झेरॉक्सवर काहीही लिहिलं तरी मूळ प्रत कोरीच. पण एखाद्या दिवशी घाईत त्यानं मूळ प्रतच हातात दिली आणि गिऱ्हाईकानं तिच्यावर पेननं आपलं नाव लिहिलं, तर? त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला आधीच कुणाचं तरी नाव भरलेला अर्ज मिळणार. तिचं कोरे-खाते मूळ प्रत हातात देत होतं. तिला वाटत होतं झेरॉक्स मिळते आहे. दुकानदाराची रक्कम मूळ प्रतीवर लिहिली गेली, आणि बाईला जे "कोरं" खातं मिळालं त्यात 2,00,000 आधीच होते. प्रोग्राम बंद करून सुरू केला की मूळ मजकूर पुन्हा वाचला जातो, म्हणून पहिला हिशेब नेहमी बरोबर यायचा.

उपाय एका ओळीचा आहे:

(डिफाइन (कोरे-खाते)
  (लिस्ट (कॉन्स 'रोख 0) (कॉन्स 'चांदी 0) (कॉन्स 'माल 0)))

कॉन्स म्हणजे जोडी बनव, लिस्ट म्हणजे यादी बनव. ही कामं आहेत. दरवेळी बोलावलं की दरवेळी नव्यानं होतात. रोख, चांदी, माल या नावांपुढे अजून क्वोट आहेच, पण नावं आणि आकडे जागच्या जागी बदलता येत नाहीत, त्यामुळे त्यांची भीती नाही. बदलतं ते जोडीत काय ठेवलंय हे, आणि जोड्या आता प्रत्येकाच्या वेगळ्या आहेत.

इथे मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "आपा, यादीची कॉपी काढली तर?" प्रश्न चांगला होता. स्कीममध्ये लिस्ट-कॉपी नावाचं काम आहे. ते वापरून पाहिलं, आणि उत्तर पुन्हा 5,500 आलं. कारण लिस्ट-कॉपी यादीचा फक्त वरचा कणा नव्यानं बनवते. कण्याला लटकलेल्या आतल्या जोड्या जुन्याच राहतात. नवी फाइल आणली, पण आत कागद तेच लावले. ज्या पातळीवर तुम्ही लिहिणार आहात त्या पातळीपर्यंत सगळं नवं हवं. अर्धवट क्वोट, म्हणजे क्वासिक्वोट, वापरतानाही हाच धोका आहे. त्यातला जो भाग चालताना नव्यानं भरावा लागत नाही तो स्थिर मजकूरच राहतो.

याच चुकीचं आणखी एक रूप आहे, जास्त वाईट. काही स्कीममध्ये दोन याद्या जागच्या जागी जोडणारं एक काम असतं, अपेंड!. समजा एका कामात '(1 2) या स्थिर यादीच्या शेवटी, बाहेरून आलेली यादी जोडली. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा तीच यादी पाठवली, तर स्थिर यादीच्या शेवटी ती आधीच लटकलेली असते, आणि तिचं शेपूट तिच्याच तोंडाला जोडलं जातं. यादी गोल होते. ती छापायला सांगा, प्रोग्राम थांबतच नाही. पाहणारा छापणाऱ्या ओळीत चूक शोधत बसतो, आणि चूक असते तिथून शंभर ओळी वर, एका चिन्हात. अक्षरांच्या ओळी, ज्यांना स्ट्रिंग म्हणतात, आणि व्हेक्टर यांनाही हाच नियम आहे. कोडमध्ये जागच्या जागी लिहिलेलं असेल तर ते वाचायचं, बदलायचं नाही.

मग हा नियम भाषेच्या कायद्यात आहे का? आहे, आणि स्पष्ट आहे. स्कीमचा कायदा म्हणजे तिचे सुधारित अहवाल. 1998 चा पाचवा, 2007 चा सहावा, 2013 चा सातवा. पाचव्यात आणि सातव्यात म्हटलं आहे की स्थिर मजकूर हा न बदलणाऱ्या जागेत आहे असं समजावं, आणि त्यात नवं काही लिहिणं ही चूक आहे. पण "ही चूक आहे" या शब्दांना त्या अहवालांत एक खास अर्थ आहे. तुम्ही असं करायचं नाही, एवढाच. केलंत तर यंत्रानं तुम्हाला थांबवलंच पाहिजे असं बंधन त्यावर नाही. ते थांबवेल, कोसळेल किंवा मुकाट पुढे जाईल. सहाव्या अहवालानं जरा पुढे जाऊन म्हटलं की अशा वेळी यंत्रानं आक्षेप घ्यायला हवा. सातव्यानं पुन्हा मोकळीक दिली.

मोकळीक देण्यामागे कारण होतं, ते समजून घेतलं पाहिजे. स्थिर मजकूर फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत ठेवला तर जागा वाचते. दोन ठिकाणी सारखाच मजकूर असेल तर एकाच प्रतीवर दोघांचं काम भागवता येतं. एकच प्रोग्राम दहा जण चालवत असतील तर दहाही जण तीच प्रत वाचू शकतात. पण छोट्या, साध्या यंत्रणांवर प्रत्येक जोडी बदलण्याजोगी आहे की नाही हे तपासत बसण्याचा बोजा नको. म्हणून नियम सगळ्यांना, पहारा ज्याला झेपेल त्याला. यातली सारखा मजकूर एकत्र करण्याची गोष्ट तर विशेष घातक. तुम्ही एका कामात '(0 0) बदललंत, आणि दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या दुसऱ्या कामातलं '(0 0) बदललं, असं होऊ शकतं. दोघांची प्रत एकच होती, आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

गप्प बसण्याचे परिणाम काय होतात याचं एक नोंदलेलं उदाहरण गाइल या स्कीमचं आहे. 2017 मध्ये तिची 2.2.0 ही आवृत्ती आली. तिच्यात कंपाइल केलेल्या कोडमधल्या स्थिर मजकुराला हात लावला, तर दोनपैकी एक घडायचं. काही मजकूर बिनबोभाट बदलून जायचा, आणि त्याच्याशी प्रत वाटून घेणारं सगळं बदलायचं. काही मजकूर खरोखरच फक्त वाचण्याच्या मेमरीत असायचा. तिथे लिहायला गेलं की ऑपरेटिंग सिस्टीम सगळा प्रोग्रामच ठार करायची, कारण न सांगता. एकाच चुकीला कधी मौन, कधी मृत्युदंड. लगेच पुढच्या 2.2.1 मध्ये त्यांनी हे सुधारलं. आता गाइल थांबते, आणि इथे बदलता येणारी जोडी हवी होती, असं सांगते.

रॅकेटवाल्यांनी तर मुळावरच घाव घातला. तेव्हा तिचं नाव पीएलटी स्कीम होतं. 2010 मध्ये ते बदललं. 2008 च्या चौथ्या आवृत्तीपासून तिथली साधी जोडी बदलताच येत नाही. बदलणारी जोडी हवी असेल तर ती एमकॉन्स या वेगळ्या नावानं मागून घ्यावी लागते. जुने लोक कुरकुरले, जुना कोड तुटला. पण त्या मुलीचं पहिलं कोरे-खाते रॅकेटमध्ये लिहिलं असतं, तर बाईच्या हिशेबापर्यंत वेळच आली नसती. पहिली रक्कम भरतानाच यंत्र बोललं असतं.

ही एकट्या स्कीमची कहाणी नाही. जुन्या फोर्ट्रानच्या काही यंत्रणांवर एखाद्या सबरूटीनला 4 हा आकडा पाठवला आणि आत त्या जागेवर 5 लिहिलं, तर पुढच्या सगळ्या प्रोग्राममध्ये 4 चा अर्थ 5 व्हायचा. सी भाषेत जुन्या काळी जागच्या जागी लिहिलेली स्ट्रिंग बदलण्याची लोकांना सवय होती. 1989 च्या प्रमाण सी नं तिला मनाई केली, पण जीसीसी कंपायलरनं जुन्या कोडसाठी तशी मुभा देणारा एक पर्याय पुढेही ठेवला, तो 2005 च्या 4.0 आवृत्तीत काढून टाकला. पायथन शिकणारी मुलं फंक्शनच्या कंसात रिकामी यादी लिहून ठेवतात आणि दुसऱ्यांदा बोलावल्यावर ती भरलेली पाहून चक्रावतात. तिचं कारण वेगळं, पण घराणं हेच. नव्यानं मिळतंय असं वाटणारी वस्तू प्रत्यक्षात सगळ्यांत मिळून एकच असते.

आमच्याकडे यासाठी एक शब्द आहे, अमानत. जे तुमच्या हाती दिलं आहे, वापरायला दिलं आहे, पण तुमचं नाही. अमानतीत हात घालणारा प्रत्येक जण वाईट नियतीचाच असतो असं नाही. कधी त्याला माहीतच नसतं की ही अमानत आहे. मग जबाबदारी कुणाची? माझ्या मते ज्यानं दिली त्याची. देताना सांगायला हवं होतं.

रमजानात तरावीहची नमाज ज्यांनी पाहिली आहे त्यांना लुकमा ठाऊक असेल. इमाम हाफिज असतो, महिनाभरात संपूर्ण कुराण तोंडपाठ ऐकवतो. त्याच्यामागे पहिल्या रांगेत आणखी एक हाफिज उभा असतो, त्याला सामे म्हणतात; म्हणजे ऐकणारा. इमामाचा एखादा शब्द सुटला, एखादी आयत दुसऱ्या सारख्या आयतीकडे वळली, की सामे मागून तेवढे शब्द मोठ्यानं म्हणतो. याला लुकमा देणं म्हणतात. इमाम ते शब्द उचलतो आणि पुढे जातो. नमाज मोडत नाही, कुणी इमामाला कच्चा म्हणत नाही, नमाज संपल्यावर चौकशी बसत नाही. ज्या मजकुरात एका मात्रेचाही फरक चालत नाही, त्याच्या पठणाभोवती ही व्यवस्था उभी आहे. तिचं सगळं बळ दोन गोष्टींत आहे. चूक जिथे झाली तिथेच सांगितली जाते, आणि सांगण्यात अपमान नसतो.

गप्प बसणाऱ्या यंत्रामागे सामे नसतो. प्रोग्राम चुकीची आयत म्हणत पुढे जातो, आणि शेवटी कुणालाच सांगता येत नाही की गाडी कुठे वळली. अनुभवी माणसाला वाटेल, एवढं काय, शोधेल आणि शिकेल. अनुभवी माणसाला यंत्रावर शंका घेण्याचा हक्क आहे असं वाटतं, म्हणून त्याचं भागतं. घरातली पहिलीच शिकणारी मुलगी यंत्रावर शंका घेत नाही. ती स्वतःवर घेते. शाळेत, कॉलेजात, फॉर्म भरताना, मुलाखतीत तिला इतक्या ठिकाणी सुचवलेलं असतं की ही जागा तुझी नाही, की आणखी एका चुकीच्या उत्तराचा तिला एकच अर्थ लागतो. भाषा बनवणाऱ्यांनी "ही चूक आहे, पण आम्ही सांगूच असं नाही" हे कलम लिहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मेमरी होती, वेग होता, लहान यंत्रं होती. अभ्यासिकेतली मुलगी नव्हती. त्यांना दोष देत नाही. पण आज मेमरी स्वस्त आहे, आणि मुलीचा धीर तेव्हाइतकाच महाग आहे. म्हणून शिकणाऱ्यांच्या हाती देताना बोलणारी यंत्रणा निवडावी असं माझं मत आहे, थोडी हळू असली तरी. आणि शिकवणाऱ्यानं क्वोटची ओळख करून देतानाच, त्याच श्वासात, हे वाचण्यासाठी आहे, लिहिण्यासाठी नाही, हेही सांगावं. दोन वाक्यांचं काम आहे.

त्या मुलीनं पुढच्या रविवारी प्रोग्राम वेगळ्याच तऱ्हेनं लिहून आणला. त्यात भर! नव्हतंच. रक्कम आली की जुन्या खात्यावरून नवं खातं बनवायचं आणि ते परत द्यायचं. जुनं जसंच्या तसं. उद्गारचिन्हच नाही, मग कुणाच्या मूळ प्रतीवर पेन चालण्याचा प्रश्नही नाही. मी हे तिला सांगितलं नव्हतं. स्कीममध्ये मुरलेले लोक शेवटी याच सवयीला येतात. तिनं खाली दोन ओळींची तपासणीही लिहिली होती: आधी दुकानदार, मग बाई, आणि बाईचं उत्तर शून्य नसेल तर प्रोग्रामनं तिथेच थांबून ओरडायचं. सामे तिनं स्वतःच उभा केला होता.

रमजान जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर जकात मोजणारे ॲप आणि वेबपानं फिरू लागतात. त्यांतला कोड कुणी पाहिलेला नसतो, आणि सहसा तो चांगल्या नियतीनंच लिहिलेला असतो. वापरण्याआधी एवढं एक करून पाहा. पहिल्यांदा कुठलीतरी मोठी रक्कम टाका, उत्तर घ्या. मग ॲप बंद न करता दुसऱ्या व्यक्तीचा हिशेब सुरू करा आणि सगळ्या रकान्यांत शून्य टाका. शून्याचं उत्तर शून्यच आलं पाहिजे. नाही आलं, तर तुमचा हिशेब कच्चा नाही. कुणीतरी मूळ प्रतीवर लिहून ठेवलं आहे.